कळवणची गाडी कुठे थांबते?

“उशी हाय का भिजून वाळलेली सिमेंटची गोणी!”

भागुआत्या हे भिंतीला म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नाही, अशी त्यांची समजूत असावी. पण पलंगाच्या पायथ्याशी, हातभर अंतरावर, सुवर्णा जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात ताटातच थांबला.

पलंग सुवर्णाचा. उशी सुवर्णाची. तिच्यातला कापूस सुवर्णाने स्वतः समोर उभं राहून पिंजून घेतलेला. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दुपारची ही वेळसुद्धा सुवर्णाची. म्हणजे असायला हवी होती. नवरा रंगनाथ ओझरला विमानाच्या कारखान्यात गेलेला, लेक भाग्यश्री शाळेत, भांडी घासून पालथी घातलेली. अशा वेळी दाराला आतून कडी लावावी, पदर डोळ्यांवर घ्यावा आणि घटकाभर मेल्यासारखं झोपावं, एवढी एकच इच्छा ती लग्नापासून मनात बाळगून होती. कुणाला दागिन्यांची हौस असते, कुणाला काश्मीर बघायची. सुवर्णाला दुपारच्या झोपेची होती, आणि काश्मीर तिच्यापेक्षा जवळ होतं.

कारण त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या दिंडोरी रोडला, आणि कळवणहून येणारी एसटी दारावरूनच जायची. रंगनाथचं गाव कळवणजवळ. गावातल्या कुणाचंही नाशकात काम निघालं, की तो ड्रायव्हरला म्हणायचा, “रंगनाथच्या घराशी जरा दाबा,” आणि ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. कुणी चष्म्याचा नंबर काढायला येई, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी रामकुंडावर दहाव्याला, कुणी लग्नाच्या बस्त्याला. एक चुलत सासरे तर गाडी रिकामी चालली होती म्हणून आले होते. भागुआत्या ह्या रंगनाथच्या सख्ख्या आत्या. त्या दातासाठी यायच्या. त्यांच्या दातांना अंत नव्हता. आजही एक काढून, गालात कापूस धरून त्या निजल्या होत्या, आणि तशातही उशीला नावं ठेवायला त्यांचं तोंड चालत होतं.

‘नावंही ठेवतात आणि येतातही!’ सुवर्णा मनात म्हणाली, आणि तांदळातला एक चांगला दाणा खडा समजून फेकून दिला.

त्यात पुढच्या वर्षी सिंहस्थ. गेल्या सिंहस्थात ती ओट्याखाली झोपली होती, डोकं गॅसच्या सिलिंडरला टेकवून. या खेपेला गावाने आत्तापासून जागा धरायला सुरुवात केली होती. “गॅलरी आमची बरं का, वहिनी,” असं कुणीतरी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी सुवर्णाने रंगनाथला सांगितलं, “अहो, आपण स्वतःचं घर घेऊ या.”

“का गं एकदम?”

आता खरं कारण सांगायचं तर सोपं होतं. पण रंगनाथ हा छाती काढून “आपल्या घराचं दार कधी बंद नसतं” म्हणणारा माणूस. हे वाक्य त्याच्या आईचं. आई गेली आणि वाक्य ठेवून गेली. पाहुणे नकोत असं त्या घरात म्हणणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरणं. म्हणून सुवर्णा म्हणाली, “जरा हवेशीर हवं.”

या एका शब्दाने पुढचे सहा महिने कुणाकुणाला किती फिरवलं, ते आता ऐका.

घर शोधायला त्यांनी धरला झुंबरशेठ. झुंबरशेठ पूर्वी पिंपळगाव बसवंतला कांद्याचे व्यापारी होते. कांद्याने एकदा असं रडवलं की त्यांनी बाजार सोडला आणि नाशकात घरं दाखवायला लागले. पण हाडातला कांदा गेला नव्हता. भिंत दिसली की नाक लावून वास घ्यायचे. खांब दिसला की अंगठ्याने दाबून बघायचे. बिल्डर चटईक्षेत्र सांगत असला, की हे डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, “पुढं बोला.” जणू लिलाव चाललाय.

पहिल्याच दिवशी त्यांनी चहाचा कप हातात घेऊन उपदेश केला. “साहेब, घर अन् कांदा वरून बघायचा नसतो. वरून समदेच लाल. बूड बघायचं. घर बघायला दुपारी जायचं, बिल्डर म्हणतो तवा जायचंच नाय. नळ सोडून बघायचा. पाणी कवा येतं ते बिल्डरला इचारायचं नाय, खालच्या पानवाल्याला इचारायचं. फरशीवर गोटी ठेवायची. गोटी पळाली, की आपणबी पळायचं. अन् घर आवडलं तर तोंड पाडायचं, नाय आवडलं तर हसायचं.”

रंगनाथ कारखान्यातला माणूस, सूचना मिळाली की पाळणारा. त्याने नळ, पानवाला, गोटी, तोंड असं सगळं पाठ केलं. सुवर्णाने फक्त एक प्रश्न विचारला.

“झुंबरभाऊ, तिथून कळवणची गाडी कुठे थांबते?”

झुंबरशेठनी कप खाली ठेवला. या बाईकडे त्यांनी आदराने पाहिलं.

पहिलं घर म्हसरूळला निघालं. कळवणची गाडी खिडकीखालून जात होती. सुवर्णा तिथूनच माघारी वळणार होती, पण नवऱ्याचं कार्य सुरू झालं होतं. पानवाल्याला विचारून झालं, नळ सोडून झाला. आता गोटी. तर गोटी कुणाकडे? भाग्यश्री गोट्या खेळायच्या वयाची राहिली नव्हती, म्हणून रंगनाथने निघताना फ्रिजमधून एक लिंबू खिशात टाकलं होतं. गोल ते गोल.

लिंबू हॉलच्या मधोमध ठेवलं. क्षणभर विचार करून ते निघालं. आधी सावकाश, मग घाईने, मग उंबऱ्यावरून उडी मारून जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत, आणि थेट समोरच्या फ्लॅटच्या दारात जाऊन थांबलं. उतार नेमका किती ते बघायला तिघंही जमिनीवर उकिडवी बसून लिंबाकडे एकटक बघत होती. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

समोर राहणाऱ्या भिमाबाईंना काय दिसलं असेल, याचा विचार करा. भर दुपार. अमावास्या, कारण रंगनाथला त्या दिवशीच सुट्टी होती. आपल्या उंबऱ्यावर पिवळंधमक लिंबू. आणि समोरच्या रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत तीन अनोळखी माणसं उकिडवी बसून, पापणी न हलवता आपल्या दाराकडे बघतायत.

भिमाबाईंची किंकाळी खालच्या पानवाल्यापर्यंत गेली. अख्खी बिल्डिंग जमली. “करणी करता का? आं? भरल्या घरावर करणी?” कुणी म्हणालं पोलीस बोलवा, कुणी म्हणालं आधी भगत बोलवा. रंगनाथ घामाघूम होऊन सांगत होता, “अहो, उतार बघत होतो, उतार!” त्यावर एक आजोबा म्हणाले, “म्हंजी उतारा! कबूल करतोय बघा!” लिंबू उचला म्हटलं तर रंगनाथला कुणी उंबऱ्याजवळ येऊ देईना, आणि बाकीचं कुणी त्याला हात लावेना.

शेवटी झुंबरशेठ पुढे झाले. त्यांनी लिंबू उचललं, दाताने फोडलं आणि तिथेच उभ्या उभ्या चोखून खाल्लं. बियांसकट. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा हलला नाही. भिमाबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि मग चहाही केला. निघताना त्या सुवर्णाला कानात म्हणाल्या, “घर नका घेऊ हो. तुमचं लिंबू आलं ते एक वेळ ठीक, पण आमचं फरशी धुतलेलं पाणी जिन्यातून खाली जातं.”

सुवर्णाने सुटकेचा निःश्वास टाकला. झुंबरशेठनी तो नाराजीचा समजला.

“वहिनी, मनाला लावून घेऊ नका. कळवणची गाडी जवळ होती, मला माहीत हाय. याच्यापेक्षा जवळ दाखवतो.”

आणि त्यांनी दाखवलीच. दर रविवारी ते एक घर शोधून आणायचे, आणि प्रत्येक घर कळवणच्या गाडीला आधीच्यापेक्षा जवळ असायचं. सुवर्णा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारायची, उत्तर ऐकून तिचा चेहरा पडायचा, आणि झुंबरशेठ आणखी जवळ सरकायचे. नाकारायला तिला कारणं पुरेनात. एका ठिकाणी ओट्यापाशी ऊन येत नाही म्हणाली, दुसऱ्या ठिकाणी ऊन फार येतं म्हणाली. पंचवटीतलं एक घर तिने देऊळ दिसतं म्हणून नाकारलं. “दिसतं म्हणून?” रंगनाथने विचारलं. “सारखं दिसलं की मग किंमत राहत नाही,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या बोलण्याने स्वतःच दचकली.

त्यातून भलतंच झालं. झुंबरशेठ एकदा रंगनाथला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, नशीब काढलं तुम्ही. आजकालच्या बाया इचारतात, मार्केट किती लांब, पार्लर किती लांब. ही माऊली इचारती, सासरची गाडी कुठं थांबते.” रंगनाथचे डोळे भरून आले. घरी येऊन त्याने हे सगळं गावी फोन करून सांगितलं. सुवर्णा दोन हात अंतरावर उभी राहून ऐकत होती. आता तर तिच्या तोंडाला कायमचं कुलूप लागलं.

घरमालकीण सुलाबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. “अगं, मोठं घर घे. म्हणजे पाहुणे आले की अंगावर येत नाहीत.” सुवर्णा म्हणाली, “मोठं घेतलं की मोठ्या संख्येने येतात, सुलाकाकू.” सुलाबाई म्हणाल्या, “हेही खरं.” त्या कुठल्याही बाजूने सल्ला देत आणि कुठल्याही बाजूने मागे घेत.

मग एका रविवारी झुंबरशेठ उड्या मारतच आले. “वहिनी, डोळे मिटून चला!”

जुन्या सीबीएससमोरची इमारत. पहिला मजला. गॅलरीत उभं राहिलं की समोर बसस्थानक, आणि बसच्या कपाळावरच्या पाट्या चष्म्याशिवाय वाचता येत होत्या. “कळवण!” झुंबरशेठनी बोट दाखवलं, “ती बघा! अन् तीबी कळवण! अन् ही आत्ता शिरती ती...” सुवर्णाने गॅलरीचा कठडा धरला. खाली एक काळी-पिवळी जीप उभी होती आणि तिच्या टपावर हात आपटत एक माणूस ओरडत होता, “चला कळवण, कळवण, कळवण! बसा की निघाली!” त्याने सहज वर पाहिलं. तो भागुआत्यांचा मुलगा चिमाजी निघाला.

“वहिनी! हितं घेतलं का घर? आरारारा, झ्याक काम झालं! आता गाडी भरंस्तोवर पॅसेंजर वरच बसवतो!”

सुवर्णाला गॅलरीतच भोवळ आली. झुंबरशेठ म्हणाले, “आनंदानं होतं असं कधी कधी.”

ते घर हुकलं, त्याचं श्रेय पतसंस्थेला. कर्ज हवं तर दुसरीकडे कुठेही घर नसल्याचा दाखला आणा, असं त्यांनी सांगितलं. रंगनाथ गावी गेला. ग्रामसेवक म्हणाले, घर नाही कसं? वाडवडिलांच्या घराचा एक खण तुमच्या नावावर आहे की! खण होता खरा, पण त्याला छप्पर नव्हतं आणि आत भागुआत्यांची शेळी राहत होती. मग ‘राहण्यालायक नाही’ असा पंचनामा करायला चार पंच गेले. त्यातला एक म्हणाला, “शेळी तर मजेत राहतीय.” यावर बरीच चर्चा झाली. दाखला मिळाला तेव्हा सीबीएससमोरचं घर दुसऱ्याला गेलं होतं, आणि अख्ख्या गावाला कळलं होतं की रंगनाथ सिंहस्थासाठी मोठं घर घेतोय.

“वहिनी, माझ्याकडची घरं संपली,” झुंबरशेठ एका रविवारी पडेल आवाजात म्हणाले. “एक हाय. पण ते मी कुणाला दाखवतच नाय. पाथर्डी फाट्याच्याबी पुढं. चौथा मजला, लिफ्ट नाय. सीबीएसला उतरून दुसरी बस धरायची, मग फाट्यापासनं पायी. रिक्षावाले तिकडं येत नायत. अन् कळवणची गाडी...” त्यांनी मान खाली घातली. “कळवणची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला.”

“बघू या की,” सुवर्णा म्हणाली. तिने त्या दिवशी चांगली साडी नेसली.

चार मजले ती अशी चढली की रंगनाथला वाटलं, वर कुणीतरी भेटणार आहे. घर लहानसंच होतं. पण मागच्या बाजूला एक खोली होती. एका पलंगापुरती. खिडकीबाहेर द्राक्षाचा बाग आणि पलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर. दाराला आतून पितळी कडी. पुरुष हॉलमध्ये लिंबाऐवजी आणलेली खरीखुरी गोटी सोडत होते, तेव्हा सुवर्णाने ती कडी लावून बघितली. नुसती बघितली. लागते का ते. लागली. मग खाली बसून बघितलं. मग नुसतं, फरशी किती गार आहे ते कळावं म्हणून, ती जरा आडवी झाली.

गोटी जागची हलली नाही. रंगनाथ हर्षाने ओरडला, “सुवर्णा, बघ!” उत्तर नाही. “सुवर्णा?” दार आतून बंद. त्याने आधी टकटक केलं, मग थापा मारल्या. “कडी अडकली! घाबरू नकोस, मी आहे!” झुंबरशेठ खालून सुतार घेऊन आले. सुताराने पटाशी लावली, तोच दार उघडलं. सुवर्णा उभी होती. केस विस्कटलेले, गालावर फरशीची धूळ, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की सुताराने नकळत नमस्कार केला.

“वारा चांगला आहे इथे,” ती म्हणाली.

खिडकी बंद होती. झुंबरशेठनी खिडकीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, गालावरच्या धुळीकडे पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बूड दिसलं. पण असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. ते एवढंच म्हणाले, “साहेब, हेच घ्या.”

आणि मग सवयीने तोंडून शेवटचा उपदेश निसटला. “फक्त टोकन द्यायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाची नजर फिरवून घ्या.” म्हणाले आणि स्वतःचीच जीभ चावली. पण सूचना पाळणारा माणूस फोनकडे धावला होता.

पुढच्या रविवारी भागुआत्या आल्या. एसटीने नाही. चिमाजीची काळी-पिवळी जीप थेट बिल्डिंगच्या फाटकात येऊन उभी राहिली. आतून माणसं उतरतच राहिली. सुवर्णाने वरून ते पाहिलं आणि तिला कळलं, की सगळ्या बसगाड्यांपासून लांब पळताना आपण जीप हिशेबात धरलीच नाही.

आत्या एकेका मजल्यावर टेकत, धापा टाकत वर आल्या आणि नेमक्या त्या मागच्या खोलीत फतकल मारून बसल्या. त्यांच्यामागून सगळे आत शिरले. “घर भारी शे!” कुणी अहिराणीत म्हणालं. चिमाजीने पावलं टाकून खोली मोजली. “सिंहस्थाला एवढ्या एका खोलीत धा-बारा माणूस सहज झोपंल. मग दार लावता येणार नाय, पण दार लावायचंय कशाला?”

“आपल्या घराचं दार कधी बंद नसतंच!” रंगनाथ म्हणाला.

सुवर्णा कडीकडे बघत होती. झुंबरशेठ सुवर्णाकडे बघत होते. त्यांना राहवलं नाही. “वहिनी, तुमच्या तोंडून ऐकू द्या. टोकन द्यायचं ना? नक्की काय हवंय तुम्हाला, ते एकदा सांगून टाका.”

“मला... म्हणजे... वारा...”

“वाऱ्याचं मरू दे!” भागुआत्या म्हणाल्या. “रंगनाथा, ही सहा महिने झाले जिथंतिथं इचारती, कळवणची गाडी कुठं थांबते. का इचारती, तुला कळलं नाय का रे अजून?”

“आत्या, जिव्हाळा आहे तिला...”

“जिव्हाळ्याचा तू! तिला आम्ही यायला नकोय.”

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. सुवर्णाला वाटलं, फरशीने पोटात घ्यावं. “नाही हो आत्या, तसं काही...”

“तसंच हाय. अन् बरोबर हाय. मी बी तुझ्या पलंगावर पडून दर खेपेला बघती, तू खाली बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडती. पेंगती अन् निवडती. मला काय डोळे नायत? दात नसतील.” आत्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, संपवला, आणि खाली ठेवला. “ह्याची माय जाताना माझा हात धरून म्हणली, पोरगं शहरात एकलं हाय, जात-येत ऱ्हा. म्हणून मी समद्यांना धाडती. जा रे, रंगनाथकडं उतरा, त्याला वाटाय नको आपलं कुणी नाय. माझ्याकडं कारण नसायचं, तर मी दाताचं कारण काढलं. कळवणात डाक्टर नाय का? बक्कळ हायत. चांगले धडधाकट दात उपटून घेतले मी तुमच्यापायी!”

चिमाजीने हळूच सांगून टाकलं, “मलाबी धर्मशाळेतच बरं वाटतं, वहिनी. तिथं पंखा हाय.”

“तू गप ऱ्हा.” आत्या भिंतीला धरून उठल्या. वाटेत त्यांनी ती पितळी कडी एकदा सरकवून बघितली. मग सुवर्णाच्या गालाला हात लावला, आणि आजवर दोघींनी एकमेकींपासून लपवून ठेवलेलं बोलून टाकलं.

“टोकन दे रे, रंगनाथा. माय गेली, आता तू बी मोठा झाला. अन् सुवर्णा, तुझी उशी लय कडक हाय गं बाई. मला तुझ्याकडं यायचं नाय.”